दोन प्रेक्षकांची सर्कस

रंगाच्या कारखान्यात सगळे त्यांना जपूनराव म्हणत. हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. बावीस वर्षं ते तिथे सुरक्षा अधिकारी होते आणि या बावीस वर्षांत त्यांनी समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला 'जपून' एवढंच सांगितलं होतं. जिना असो, शिडी असो, रंगाचं पिंप असो की कँटीनमधला गरम चहा, हा माणूस कुठूनसा उगवायचा आणि जपून म्हणायचा. त्यांचं कोणी ऐकत नसे, ते वेगळं. इतक्या वर्षांत कारखान्याच्या दप्तरी नोंद झालेला अपघात एकच. 'शिडीवर जपून चढा' ही पाटी ठोकताना स्वतः जपूनराव स्टुलावरून पडले. तो विषय तिथे अजूनही अधूनमधून निघतो, आपण तो इथेच सोडून देऊ.

तर अशा माणसाने अंधारात, पाचशे लोकांसमोर, दिवा लावलेलं रॉकेट उडवलं म्हटलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. त्यांच्या बायकोचा अजून बसलेला नाही, आणि ती तिथे हजर होती.

याला कारण त्यांचे सासरे. सासरे निवृत्त भूमापक. चाळीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी आकाशाकडे मोर्चा वळवला. पुठ्ठ्याच्या नळीची, हलक्या लाकडाच्या पंखांची, हातभर लांब रॉकेटं ते घरी बनवत. बुडाशी दुकानात तयार मिळणारी, दारू भरलेली बोटाएवढी मोटर, वर घडी घालून कोंबलेलं प्लास्टिकचं पॅराशूट. लांबून बटण दाबलं की रॉकेट दोनशे फूट वर जायचं, पॅराशूट उघडायचं आणि ते मुकाट खाली यायचं. दर रविवारी सकाळी इमारतीमागच्या मैदानात हा कार्यक्रम असे. जावयाने कोनमापक धरून कोन ओरडायचा आणि सासऱ्यांनी त्यावरून उंची काढून वहीत लिहायची, अशी कामाची वाटणी होती.

सासरे कौतुक करण्यातले नव्हते. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी जावयाला एकदाच 'बरं' म्हटलं होतं, तेही तब्येत कशी आहे असं विचारल्यावर.

पण सासऱ्यांचा एक डोळा काचबिंदूने पूर्वीच गेला होता, आणि गेल्या वर्षी दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला. दिवसाचं आकाश म्हणजे त्यांना नुसतं दुधाचं पातेलं दिसू लागलं. एका रविवारी रॉकेट सुटलं आणि त्यांनी विचारलं, "कसं गेलं?" रॉकेट तिरकं जाऊन कुंपणापलीकडच्या झाडात अडकलं होतं. सासऱ्यांची मान वर, तोंड किंचित उघडं, आणि डोळा भलतीकडेच. जपूनरावांनी कोनमापक खाली घेतला.

"सरळ वर, बाबा. एकदम सुरेख," ते म्हणाले.

"कोन?"

"पासष्ट."

सासऱ्यांनी उंची लिहिली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला प्रमाण राहत नाही. चौथ्या रविवारी रॉकेट ढगाला टेकून आलं. अकराव्या रविवारी ते आडवं सुटलं आणि आपल्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीत जाऊन झोपलं. जपूनरावांनी दोनशे तीस फूट जाहीर केले. संध्याकाळी बाईंनी चौथ्या मजल्यावर येऊन बेल वाजवली, रॉकेट सासऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सकाळी माझ्या चादरीत आलं होतं. भोकाचं राहू द्या, जुनीच होती."

सासऱ्यांनी जावयाकडे तोंड केलं. "किती?"

"काय किती, बाबा?"

"किती वेळा खोटं सांगितलंत?"

"अकरा," जपूनराव म्हणाले.

सासऱ्यांनी वही मागवली, ती नाकाशी धरली आणि शेवटच्या अकरा ओळींवर पट्टी लावून एकेक रेघ मारली. सावकाश. ते ओरडले असते तर जपूनरावांना बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात शनिवारी डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. पुढच्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, डोळा आतून कमजोर आहे, दृष्टी परत येईल किंवा आहे तेवढीही जाईल, मी आत्ता काही कबूल करत नाही. घरी आल्यावर सासरे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्याच्या आधी एक रॉकेट मला बघायचंय. माझ्या डोळ्याने. कोणी सांगितलेलं नकोय."

"पण बाबा, दिवसा तुम्हाला..."

"मग अंधारात उडवा. आत दिवा लावा. काळ्यावरचा उजेड मला अजून कळतो."

हे बोलून ते उठून गेले. जपूनराव बसून राहिले. बायको म्हणाली, "अहो, घरातली वीज गेली आणि मेणबत्ती लावली तरी तुम्ही शेजारी बादली भरून ठेवता. तुम्हाला हे झेपणार आहे का?" झेपण्याचा प्रश्नच नव्हता. म्हाताऱ्याचा विश्वास त्यांनी घालवला होता, आणि तो परत मिळवायला मध्ये एकच शनिवार होता.

प्रथम दिव्याचं बघू. पहिला दिवा सायकलच्या मागचा. बायकोच्या केकचं सामान मोजायच्या काट्यावर तो ठेवला तर तो एकटाच अख्ख्या रॉकेटपेक्षा वजनदार भरला. मग तळमजल्यावरच्या इलेक्ट्रिशियननी हे काम अंगावर घेतलं. कोणी घ्या म्हटलं नव्हतं. त्यांचा स्वभावच असा की शेजाऱ्याच्या घरात बल्ब गेला तर त्यांना झोप लागत नाही. "एकच पांढरा दिवा काय लावता, साहेब? लोक हसतील," असं म्हणत त्यांनी नळीभोवती रंगीत दिव्यांची माळ गुंडाळली. तिचे लुकलुकण्याचे आठ प्रकार होते आणि प्रत्येकाचं प्रात्यक्षिक झालं.

चाचणी घरातल्या लांब पॅसेजमध्ये झाली. सगळे दिवे बंद. एका टोकाला खुर्चीत सासरे, दुसऱ्या टोकाला सुरक्षा अधिकारी, डोक्यावर रॉकेट धरून खाली बसतोय, उठतोय, पुन्हा बसतोय.

"दिसला," सासरे म्हणाले. "गेला. दिसला. गेला. अरे, काय चाललंय काय?"

लुकलुकणारा दिवा त्यांच्या डोळ्याला धरताच येत नव्हता. सापडला म्हणेपर्यंत तो विझायचा. इलेक्ट्रिशियन मनातून दुखावले, पण त्यांनी माळ काढली आणि नखाएवढा एकच दिवा आणि बटणाएवढी बॅटरी बसवली. आता तो दिवा स्थिर होता, पण टाचणीच्या टोकाएवढा. सासरे नाही म्हणाले.

इथे मुख्याध्यापिकाबाई आल्या. चादरीला भोक पडल्यापासून त्या या कामात स्वतःला भागीदार समजत. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाई, सल्ला देताना समोरचा सातवीत आहे असं धरूनच बोलायच्या. "टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापा, रॉकेटच्या नाकावर बसवा आणि दिवा आत घाला. उजेड पसरेल. इतकं साधं आहे." इतकं साधं आपल्याला सुचलं नाही, याचा जपूनरावांना राग आला. त्यांनी दोन दिवस इतर सगळे उपाय करून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी चेंडू कापला. पॅसेजच्या टोकाला मऊ पांढरा गोळा तरंगायला लागला. सासरे खुर्चीतून पुढे झुकले.

"हा दिसतो," ते म्हणाले.

आता नाकावर वजन वाढलं, म्हणजे तोल तपासणं आलं. तोल तपासायची पद्धत अशी: रॉकेटच्या कमरेला दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर रॉकेट सरळ उडणार, शेपूट पुढे केलं तर माणसांवर येणार. मजकूर वाचताना हे शास्त्रीय वाटतं. प्रत्यक्षात संध्याकाळी सहा वाजता, इमारतीच्या पार्किंगमध्ये, इस्त्रीच्या पँटमधले पन्नाशीचे गृहस्थ डोक्याभोवती रॉकेट फिरवत स्वतःही फिरताहेत, हे दृश्य चार मजल्यांच्या गॅलऱ्यांमधून पाहिलं गेलं. "कोणावर चिडलेत हो?" असं वरून कोणीतरी काळजीने विचारलंही. अकराव्या फेरीला गाठ सुटली आणि रॉकेट इलेक्ट्रिशियनच्या स्कूटरच्या हॉर्नवर बसलं. हॉर्न अडकला आणि दहा मिनिटं वाजत राहिला. रॉकेटने शेवटपर्यंत नाक पुढे ठेवलं होतं, म्हणजे चाचणी यशस्वी होती, पण ते ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही.

राहता राहिली परवानगी. मैदान नगरपालिकेचं. साडेसहाला फाटकाला कुलूप लागायचं आणि खांबांवरचे मोठे दिवे पेटायचे. फाटक उघडं आणि दिवे बंद, असं उलटं हवं असेल तर कागद लागणार. जपूनराव कागदाला भिणारे नव्हते, त्यांचं अर्धं आयुष्य कागदात गेलं होतं. ते आधी अग्निशमन केंद्रात गेले. तिथले कॅप्टन म्हणाले, "आम्ही विझवायला येतो, साहेब. पेटवायची परवानगी आमच्याकडे नसते." पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, विमानाला धक्का लागणार नाही ना? विमान तीस हजार फुटांवर असतं आणि हे दोनशे, असं सांगितल्यावर त्याने आकडा लिहून घेतला आणि नगरपालिकेचा रस्ता दाखवला.

नगरपालिकेत क्रीडांगण विभागाच्या कारकुनाने छापील अर्ज पुढे केला. त्यात वापराचे पाच प्रकार होते: सामना, सभा, प्रदर्शन, कवायत, सर्कस. सहावी ओळ नव्हती.

"यातलं कुठलंच नाही," जपूनराव म्हणाले.

"असं कसं? काहीतरी असणारच. हवेत काही उडतं का?"

"उडतं."

"खाली पडायची शक्यता?"

"पडणारच. पण हळू."

"माणसं बघत बसतात?"

"दोन. मी आणि सासरे."

"म्हणजे सर्कस," कारकून म्हणाला आणि त्याने खूण केली. "प्राणी आहेत?"

"नाहीत हो."

"तसं लिहून द्या."

जपूनरावांनी 'सदर सर्कशीत प्राणी नाहीत' असं लिहून खाली सही केली. मग प्रेक्षकसंख्येच्या रकान्यात त्यांनी दोन लिहिलं. कारकुनाने ते बघून पेन खाली ठेवलं. "दोन माणसांसाठी आगीचा बंब मिळत नाही. बंब नसेल तर दिवे बंद करता येत नाहीत. नियम आहे. बंबाला किमान पाचशे लागतात."

इथे तुम्ही किंवा मी असतो तर रात्री बंब कशाला हवा, म्हणून गुपचूप घरी आलो असतो. पण बंबाचं नाव ऐकून जपूनरावांचा जीव विरघळला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना आपणहून बंब देत होतं. त्यांनी दोन खोडून पाचशे केले आणि शुल्काच्या रकान्यात 'मोफत' लिहिलं. अर्जाची एक प्रत नियमाप्रमाणे मैदानाच्या फाटकावर लागली. ती वाचायला जपूनराव गेले नाहीत, कारण घरी त्यांचं सुरक्षा नियमांच्या यादीचं काम चाललं होतं.

ती यादी एक्केचाळीस कलमांची झाली. वारा जोरात असेल तर उड्डाण नाही. ढग खाली असतील तर नाही. रॉकेट इमारतीपासून लांबच्या टोकाला, ते ज्यावरून सुटतं ती दांडी किंचित पलीकडे झुकवून. बटण तीस फुटांवर. प्रेक्षक दोरीमागे. बटण दाबून मोटर पेटली नाही तर पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचं नाही. वर गेल्यावर दिवा विझला तर सगळ्यांनी डोकी हातांनी झाकायची, कारण न दिसणारं रॉकेट कुठेही येऊ शकतं. आणि सातवं कलम, मैदानात एकही दुसरा दिवा नको. रोज जेवताना ते ही यादी मोठ्याने वाचत. बायको ताट घेऊन गॅलरीत जायची. सासरे मात्र जागेवरच बसून ऐकायचे, चेहऱ्यावर काही न दाखवता.

शनिवारी सात वाजता जपूनराव सासऱ्यांना हाताला धरून खाली घेऊन आले. सासऱ्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चष्मा तीन वेळा पुसला होता. कोपऱ्यावर वळले आणि जपूनरावांचे पाय जमिनीला खिळले. मैदान भरलेलं होतं. लोक खुर्च्या, चटया, पाण्याच्या बाटल्या, तान्ही मुलं घेऊन आले होते. पाचशे म्हणजे पाचशेच, अर्जाचा मान राखून आले होते. फाटकावर कागद होता: 'सर्कस. प्राणीविरहित. मोफत.' प्राणी नसले तरी झुल्यावरच्या कसरती असतीलच, असं दोन बायका बोलत होत्या. बंब आला होता आणि त्याच्या टपावरचे दिवे गरगर फिरत होते.

"आवाज कसला?" सासऱ्यांनी विचारलं.

जपूनराव खोटं बोलू शकले असते. "लोक आहेत, बाबा. पाचशे. माझी चूक झाली."

सासऱ्यांनी मान हलवली. "माझी खुर्ची कुठे आहे?"

तो प्रश्न ऐकला आणि रद्द करायचं, हे जे जपूनरावांच्या ओठांवर आलं होतं ते त्यांनी गिळलं. आजचा शनिवार गेला तर पुढचा नव्हता. त्यांनी सासऱ्यांना बटणाशेजारी बसवलं, बंबाच्या कॅप्टनकडून हातातला भोंगा घेतला आणि लोकांसमोर उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांचं एका माणसानेही ऐकलेलं नव्हतं, हे त्यांना नको तेव्हा आठवलं.

"सगळे दोरीच्या मागे," ते भोंग्यातून म्हणाले.

लोक मागे गेले. बसायचे लगेच बसले. सर्कशीत असा एक माणूस असतोच, असं त्यांना वाटलं असावं.

खांबांवरचे दिवे विझले. कॅप्टननी बंबाचेही विझवले. आणि अंधार पडल्याबरोबर पाचशे मोबाईल पेटले. मैदानभर पांढरे ठिपके. जपूनरावांनी मागे वळून पाहिलं. सासऱ्यांची मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरत होती. प्रत्येक ठिपका त्यांना तोच वाटत होता.

जपूनरावांनी भोंगा वर केला. सातवं कलम वाचायला गेले, पण कागदावरचं अक्षर दिसेना. कागद वाचायला उजेड नव्हता, कारण कागदावर उजेडाला बंदी होती. हा विचार एक्केचाळीस कलमं लिहिणाऱ्याला कसा सुचला नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. शेवटी त्यांनी कागद खिशात घातला आणि सुचेल ते बोलले.

"ही सर्कस नाही. मला माफ करा. अर्जात दुसरं काही लिहायला जागा नव्हती. ते खुर्चीत बसलेत ना, ते माझे सासरे. त्यांना फक्त काळ्यावरचा एकच दिवा दिसतो. मंगळवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर काय दिसेल ते डॉक्टरलाही माहीत नाही. आज त्यांना हे रॉकेट बघायचंय. तुमचे पाचशे दिवे लागले तर त्यांना त्यांचा दिवा सापडणार नाही. बाकी काही नाही. तेवढे बंद करा."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढच्या रांगेतला एक दिवा गेला. त्याच्या शेजारचा गेला. मागे कोणीतरी कोणाला तरी दटावलं. बघता बघता मैदान काळं झालं आणि लांबच्या टोकाला, जमिनीपासून हातभर वर, अर्ध्या चेंडूएवढा एक गोळा तेवढा उरला. जपूनराव भोंग्यात एकदा खोकले.

यादी मात्र वाचता येत नव्हती. "वारा," अंधारातून सासऱ्यांचा आवाज आला. "पहिलं कलम. वारा बघा." रोजच्या जेवणात ऐकून त्यांना सगळी पाठ झाली होती. एकेक कलम ते सांगत गेले आणि जपूनराव करत गेले. एक्केचाळीस झाल्यावर सासऱ्यांनी पाचपासून उलटे आकडे म्हटले, अख्ख्या मैदानाने त्यांच्याबरोबर म्हटले, आणि त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही.

"एक मिनिट," जपूनराव भोंग्यातून म्हणाले. "नियमाप्रमाणे एक मिनिट कोणी जवळ जायचं नाही."

पाचशे माणसांसमोर अंधारात साठ सेकंद किती असतात, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. तिसाव्या सेकंदाला कोणीतरी जांभई दिली. साठाव्याला जपूनराव बटणाच्या पेटीतली वीजजोडणीची किल्ली काढून खिशात घालून रॉकेटकडे गेले आणि गुडघ्यांवर बसून बघू लागले. दोन तारांचे चिमटे एकमेकांना चिकटले होते. ते त्यांनी वेगळे केले. या वेळात चेंडूचा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता आणि मैदानात उजेड तेवढाच होता. मागून एक आवाज आला, "विदूषक आला." टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी "शांत बसा" म्हणून अख्खी रांग गप्प केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. जपूनराव उठले, गुडघे झटकले आणि ताठ मानेने परत आले.

किल्ली जागेवर बसवली. पण आता लोकांना धीर नव्हता. दोरी पोटाने पुढे ढकलली जात होती, एक फूट, दोन फूट. दोरी पुढे, म्हणजे माणसं धोक्यात. जपूनराव धावत दोरीशी गेले, दोन्ही हात पसरले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. "मागे. अजून मागे. तिथेच." पाठीमागे सासऱ्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली. जपूनरावांची मान वळायला बघत होती. त्यांनी ती वळू दिली नाही. कारण त्यांनी डोळे काढले की दोरी सरकणार.

एक. सूंऽऽ करून आवाज झाला.

समोरची पाचशे तोंडं एकदम वर झाली. मोटरच्या ज्वाळेच्या उजेडात ती जपूनरावांना क्षणभर दिसली आणि मग दिसेनाशी झाली. कोणी श्वास घेत नव्हतं. मग वर कुठेतरी छोटासा फट आवाज आला, पॅराशूट उघडल्याचा, आणि बंबाच्या दिशेने कॅप्टनचा आवाज आला, "उघडलं, साहेब. दिवा चालू आहे." जपूनराव दोरीलाच धरून उभे राहिले. लोकांच्या माना सावकाश खाली येत गेल्या आणि गोलपोस्टच्या बाजूला वळून थांबल्या. कोणाला काही लागलं नव्हतं. कुठे काही पेटलं नव्हतं. कॅप्टननी स्वतः जाऊन रॉकेट उचलून आणलं, तेव्हा नाकावरचा दिवा तसाच चालू होता.

लोकांनी मनसोक्त टाळ्या वाजवल्या. जाताना दोघातिघांनी पुढचा खेळ कधी, म्हणून विचारलं.

त्या मंगळवारचं सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरने पट्टी काढली तेव्हा सासऱ्यांनी प्रथम त्याच्या शर्टाचं एक बटण तुटल्याचं त्याला सांगितलं. पण शनिवारी हे कोणाला माहीत नव्हतं. शनिवारी सगळे घरी निघाले होते. बायको किल्ल्या घेऊन पुढे वर गेली आणि जावई सासऱ्यांना घेऊन मागून जिना चढत होता. सासरे कठडा धरून चढत होते. मैदानातून निघाल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांना दिसलं की नाही, हे विचारायची जपूनरावांची छाती होत नव्हती. नाही म्हणाले तर?

दुसऱ्या मजल्यावर सासरे थांबले. "कोन किती होता?"

"मला माहीत नाही, बाबा. मी बघितलंच नाही."

"म्हणजे?"

"लोक पुढे येत होते. माझी पाठ होती. मला नुसता आवाज आला."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे, म्हणजे साधारण त्यांच्या बाजूला, तोंड वळवलं. "एवढं सगळं करून तुम्ही पाहिलंच नाहीत?"

"नाही."

"मग ऐका," सासरे म्हणाले आणि जिन्यावरच बसले. जपूनरावही दोन पायऱ्या खाली बसले. "आधी ते जागेवर थरथरलं. मग सुटलं. मी डोळा हलवला नाही, मानच हलवली, म्हणून सुटलं नाही माझ्याकडून. वर गेलं तसं लहान होत गेलं. पार एवढंसं. मला वाटलं गेलं. पण नाही गेलं. थांबलं तिथे. आणि मग झुलत झुलत खाली आलं, घाई नाही, काही नाही. शेवटपर्यंत होतं मला. जमिनीला टेकेपर्यंत."

जपूनरावांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. आता खोकून झाकायचं काही कारण नव्हतं. आठवडाभर छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं त्यांना वाटलं.

"सरळ गेलं ना, बाबा?"

सासऱ्यांनी कठडा चाचपला. "'सरळ गेलं' असंच सांगणार होतो," ते म्हणाले. "तोंडावर आलं होतं. इतके राबलात, वर लोक हसले तुम्हाला. म्हटलं, कशाला दुखवा." त्यांनी हात लांब करून अंदाजाने जावयाचा खांदा शोधला आणि त्यावर भार देऊन उठले. "डावीकडे झुकलं होतं. पाच अंश. चला."